कोंडाणे लेण्यांपर्यंतची जंगलवाट: माझा अनुभव

कर्जतजवळची कोंडाणे लेणी पाहण्यासाठी मोठ्या चढाईची तयारी लागत नाही. पायांत पकड असलेले बूट, पुरेसे पाणी आणि एक विजेरी एवढे मला पुरले. कर्जत स्थानकावरून रिक्षाने कोंदिवडे गाव गाठले, गावकऱ्यांकडून वाटेची खात्री करून घेतली आणि राजमाची किल्ल्याकडे जाणारी पायवाट धरली. सुरुवातीची चाल जवळपास सपाट आहे. पुढे झाडी दाट होते आणि चढ लागतो, मात्र सावली बहुतेक ठिकाणी साथ देते. रमतगमत चालूनही तासाभराच्या आसपास लेण्यांसमोर पोहोचता आले.

पावसाळ्यात या लेण्यांच्या दर्शनी भागावरून धबधबा कोसळतो आणि त्या काळात येथे येणाऱ्यांपैकी अनेकांचे लक्ष लेण्यांपेक्षा पाण्याकडेच अधिक असते. मी मुद्दाम पाऊस सरल्यावर गेलो, कारण निसरड्या दगडांवर तोल सांभाळत उभे राहून कोरीव काम नीट पाहता येत नाही.

ही १६ बौद्ध लेणी असून त्यांतील मुख्य चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेले प्रार्थनागृह, इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराचे मानले जाते. सुमारे २० मीटर खोलीच्या या चैत्यगृहातील बहुतेक खांबांचे खालचे भाग ओलाव्याने झिजून नाहीसे झाले आहेत, त्यामुळे आत शिरताच प्रथम पडझडच नजरेत भरते. बाहेर येऊन वर पाहिले, तेव्हा मात्र कमानीभोवतीची लाकडी बांधकामाची हुबेहूब दगडी नक्कल आणि चौकटींत कोरलेल्या स्त्री-पुरुषांच्या नृत्यमग्न जोड्या दिसल्या. त्यांतील काही पुरुषांच्या हाती धनुष्य आहे, आणि तरीही त्यांच्या शरीराचा डौल नाचणाऱ्याचाच आहे.

माझा सर्वाधिक वेळ गेला तो याच दर्शनी भागावरील ब्राह्मी लेख शोधण्यात. एका भग्न यक्षमूर्तीपाशी एका ओळीचा हा लेख आहे आणि कण्हाचा शिष्य बलक याने हे काम केले, असा त्याचा आशय आहे. पश्चिम भारतातील लेण्यांत दान देणाऱ्यांची नावे पुष्कळ सापडतात, पण काम करणाऱ्याचे नाव क्वचितच आढळते. म्हणून लेखाचे छायाचित्र आधी पाहून जावे, नाहीतर तो नजरेतून सहज निसटतो. शेजारच्या विहारात विजेरी उपयोगी पडली, कारण छतावर दगडातच कोरलेल्या तुळया आणि तिन्ही बाजूंच्या भिक्षूंच्या खोल्या अंधुक प्रकाशात स्पष्ट दिसत नाहीत.

येथून तीच वाट पुढे राजमाचीला चढते, परंतु तो बेत स्वतंत्र दिवसाचा ठेवावा असे मला वाटते. लेण्यांसाठी दोन तास तरी हातात राहतील आणि अंधार पडण्यापूर्वी कोंदिवड्याला परतता येईल, अशा हिशेबाने सकाळी लवकर निघणे सोयीचे ठरते.