पुस्तकं बोटीने, गोधड्या विमानाने

मूव्हर्सकडून सामानाच्या सर्व्हेला आलेला मुलगा हातात टेप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. "ताई, पाटा-वरवंटा पण लिहू का लिस्टमध्ये?" मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, लिही. आणि त्याच वेळी हॉलमधून नवरा म्हणाला, नको. तो मुलगा बिचारा माझ्याकडे बघत राहिला.

ही गोष्ट मे २०२४ मधली. नवऱ्याची चाकणहून जर्मनीत स्टुटगार्टला बदली झाली, निदान तीन वर्षांसाठी. कंपनीने सामानासाठी एकरकमी पैसे दिले, म्हणजे न्या, विका, तिकडे नवीन घ्या, तुमचं तुम्ही बघा. चिंचवडचं आमचं टूबीएचके, अकरा वर्षांचा संसार, सात वर्षांची मुलगी आणि तिची खेळणी. सासूबाई तळेगावला दिरांकडे राहायला जाणार होत्या. पहिल्या दिवशी आम्ही सगळंच लिहून घेतलं, सोफा, डबलबेड, फ्रीज, वॉशिंग मशीन, भांडी, पुस्तकं, आणि आकडा आला ६२० सीएफटी. मूव्हर्सवाले सगळं घनफुटात मोजतात, म्हणजे साधारण साडेसतरा क्यूबिक मीटर, वीस फुटी कंटेनरच्या निम्म्याहून थोडं जास्त.

तीन ठिकाणची कोटेशन्स आली आणि सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग यांच्यात जवळजवळ दुपटीचा फरक. आम्ही खूश, स्वस्तवाला फायनल करायला निघालो, तेव्हा माझ्या भावाने कागद नीट वाचला. स्वस्तवाल्याचा रेट फक्त हँबर्ग बंदरापर्यंतचा होता. तिथून पुढे बंदरातलं हँडलिंग, कस्टम्स क्लिअरन्स, ट्रकने स्टुटगार्ट, तिसऱ्या मजल्यावर चढवणं, हे सगळं 'ॲट ॲक्च्युअल्स', म्हणजे जेवढा खर्च येईल तेवढा, एवढ्या दोन शब्दांत खाली बारीक अक्षरात लिहिलेलं. आणि एकदा सामान तिकडच्या गोडाऊनला पडलं की तिथला एजंट जे बिल देईल ते भरल्याशिवाय सामान सुटत नाही, रोजचं भाडं वर चढतं ते वेगळंच. म्हणून कोटेशन मागताना दारापासून दारापर्यंत, कितव्या मजल्यापर्यंत, कस्टम्ससकट, असं ईमेलवर लिहून घ्याच, फोनवरच्या "हो हो मॅडम, सगळं इन्क्लूडेड" वर जाऊ नका.

पण पैशाचं सोडा. आमचा सगळा विचार बदलला तो माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीच्या एका प्रश्नाने. ती स्टुटगार्टच्या जवळच राहते, आठ वर्षं झाली. मी तिला तासभर फोनवर विचारत होते, कुकर आणू का, गादी आणू का, मिक्सर चालेल का, आणि ती मध्येच म्हणाली, "अगं ते सगळं राहू दे, सामान तुझ्या हातात कधी पडणार ते सांग."

मग बसून हिशोब केला. पूर्ण कंटेनर नसेल तर आपलं सामान इतरांच्या सामानाबरोबर एका कंटेनरमध्ये जातं, एलसीएल म्हणतात त्याला, आणि तो भरेपर्यंत ते न्हावा शेवाच्या आसपास कुठल्यातरी गोडाऊनला थांबतं. त्यात २०२३ च्या शेवटापासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यामुळे बहुतेक जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून केप ऑफ गुड होपवरून जात होती, त्याचेच दहा-चौदा दिवस जास्त. मग हँबर्गला उतरवणं, वेगळं करणं, कस्टम्स, ट्रक. जुलैच्या मध्याला दिलेलं सामान ऑक्टोबरच्या शेवटी मिळालं तर नशीब.

आणि आम्ही पोचणार ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे तीन महिने आम्ही जेवणार कशात? झोपणार कशावर? सोपं उत्तर आहे, विकत घेऊन. आणि एकदा विकत घेतलं की मग बोटीने येणारी कढई ही दुसरी कढई होते, गादी ही दुसरी गादी होते, आणि त्या दुसऱ्या कढईचं आपण सीएफटीने भाडं भरलेलं असतं! मला हे आधी सुचलंच नव्हतं. आपण म्हणतो रोज लागतं ते आधी न्यायचं, पण बोटीच्या बाबतीत बरोब्बर उलटं आहे, जे रोज लागतं ते बोटीने नेऊच नये. ते एकतर बॅगेत, नाहीतर तिकडे जाऊन घ्यायचं. बोटीने न्यायचं ते असं की जे चार महिने नसलं तरी चालेल, पण कधीच नसलं तर चालणार नाही.

या चाळणीतून लिस्ट काढली आणि मोठ्या वस्तू भराभर गळाल्या. आपली गादी ७२ बाय ७८ इंची, तिकडचे पलंग दोन मीटर लांबीचे, वर त्यांच्या उशा ८० बाय ८० सेंटीमीटरच्या चौकोनी, आपले अभ्रे बसत नाहीत. स्वयंपाकघराचं सांगायचं तर जर्मनीत भाड्याच्या बऱ्याच घरांत ओटाच नसतो, सिंक नसतं, छताला दिव्याच्या जागी नुसत्या वायरी लोंबतात, तेव्हा घर बघताना ते आधी विचारा. शेगडी इंडक्शन असेल तर आपला ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही, बुडाला चुंबक चिकटतो का बघायचं, चिकटला तर न्यायचा. मी घरातली सगळी भांडी फ्रीजवरचा चुंबक घेऊन तपासली, मुलीला तो खेळच झाला, एक छोटा स्टीलचा कुकर आणि दोन कढया पास झाल्या. मिक्सर मात्र बिनधास्त चालतो, तिकडेही २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, फक्त पिन बदलायची. (अमेरिकेला जाणाऱ्यांनी हे वाचून मिक्सर उचलू नका, तिथे १२० व्होल्ट आहे.)

कस्टम्सचं थोडं सांगते, कारण इथे आमच्या ओळखीतल्या एकांची चूक झाली. युरोपात राहायला जाताना घरचं वापरलेलं सामान ड्यूटी न भरता नेता येतं, पण ते निदान सहा महिने आपल्या वापरात असावं लागतं, आपण त्याआधी बारा महिने युरोपियन युनियनच्या बाहेर राहिलेले असावं लागतं, आणि नेल्यावर बारा महिने ते विकायचं नाही. म्हणजे जाण्यापूर्वी बाजारात जाऊन नवा डिनर सेट, नवा टीव्ही घ्यायचा आणि शिपमेंटमध्ये टाकायचा, जे आपल्याकडे सगळे करतात, ते या सवलतीत बसतच नाही. या ओळखीतल्यांनी तेच केलं आणि खोकी अडकली. खायचं काही खोक्यात घालू नका. सासूबाईंनी कढवलेल्या तुपाची बरणी मला किती न्यावीशी वाटत होती, पण दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून न्यायला तिथे बंदी आहे, तूप आणि पेढेसुद्धा त्यातच आले, बॅगेतही नाही. गोडा मसाला मात्र बॅगेतून गेला, तीन पदरी पॅक करून.

आता शीर्षकाचं. बोटीचा हिशोब आकारमानावर असतो, म्हणजे एक क्यूबिक मीटर किंवा एक टन, यातलं जे जास्त भरेल ते, आणि घरचं सामान टनापर्यंत जातच नाही. विमानात चेक-इन बॅगेचा हिशोब किलोवर. आमच्या तिकिटावर माणशी २३ किलोच्या दोन बॅगा होत्या. पुस्तकांचा छोटा कार्टन दीड घनफुटाचा पण वजन वीस-पंचवीस किलो, म्हणजे विमानात एक अख्खी बॅग गेली, आणि बोटीवर त्याला जागा चिमूटभर. गोधडी नेमकी उलटी. आजीने जुन्या नऊवारींची शिवलेली गोधडी, घडी केली तरी पिंपाएवढी फुगते, वजन दोन-अडीच किलो. व्हॅक्यूम बॅगेत घालून हवा काढली की पोळपाटाएवढी चपटी होते! अशा तीन गोधड्या दोन बॅगांच्या तळाला गेल्या. ऑगस्टमध्ये गेलो तरी पहिल्या रात्री त्याच अंथरल्या, कारण घरात पलंग नव्हता. नुसत्या लाकडी जमिनीवर गोधडी आणि तिघं आडवे. मुलगी म्हणाली आजीच्या घराचा वास येतो. तो वास डांबरगोळ्यांचा होता, पण खरंच आला.

सगळ्यात जास्त दिवस घेतले ते देवघराने. सासूबाईंचे चांदीचे टाक आणि दोन पितळी मूर्ती त्यांच्या आजेसासूबाईंच्या वेळच्या, शंभर वर्षं तरी झाली असतील. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी मूर्ती आपल्याला देशाबाहेर नेता येत नाही, मग ती घरची, पूजेतली असली तरी, आणि शंका आली तर ती तेवढी जुनी नाही असं पुरातत्त्व खात्याचं प्रमाणपत्र मागतात. आजेसासऱ्यांचं शिसवी कपाट होतं, तर शिसवीची झाडं २०१७ पासून साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत, दहा किलोपर्यंतच्या तयार वस्तूला सूट, त्यावर कागदपत्रं. कपाट दोन माणसांना हलत नाही, तो विषय तिथेच संपला. नवरा दोन दिवस गप्प होता. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "टाक घराण्याचे, ते थोरल्याकडेच राहू देत. तुझ्या आईने लग्नात दिलेली अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण आहेत ना, ते घेऊन जा, तुझं घर तिथे." मी त्या दोन्ही मूर्ती माझ्या ओढणीत गुंडाळून हातातल्या पर्समधून नेल्या. सिक्युरिटीला पर्स उघडायला लावली, आतल्या बाईंनी ओढणी सोडली, मूर्ती बघितल्या आणि पुन्हा तशीच नीट गुंडाळून दिली.

शेवटी बोटीने गेलं ते अडीच क्यूबिक मीटर, १९ खोकी. पुस्तकं, माझ्या बाबांच्या डायऱ्या, अल्बम, मुलीची सायकल, तानपुरा, आणि पितळेची थोडी भांडी. पॅकिंग त्यांच्याच माणसांकडून करून घेतलं, कारण आपण स्वतः भरलेल्या खोक्यातलं काही फुटलं तर इन्शुरन्सवाले बहुधा देत नाहीत. इन्शुरन्स मात्र घ्याच, नुसतं फुटण्यासाठी नाही. जहाज संकटात सापडलं आणि ते वाचवायला खर्च झाला तर मालक तो जहाजावरच्या सगळ्या मालावर वाटून टाकू शकतो, मार्च २०२१ मध्ये सुएझमध्ये एव्हर गिव्हन हे जहाज अडकलं तेव्हा हेच झालं. म्हणजे आपलं खोकं धडधाकट असलं तरी आपल्या नावावर बिल.

आणि माझी एक चूक, जी मला अजून लागते. लिस्ट करताना मी विचार केला की सोऱ्या आणि मोदकपात्र वर्षातून एकदाच लागतात, म्हणजे ती बोटीने गेलेली चालतील. कॅलेंडर उघडून बघितलंच नाही. २०२४ मध्ये गणपती ७ सप्टेंबरला होते आणि लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला. गणपतीला मोठ्या पातेल्यात पाणी घालून वर नव्या ओळखीतून मागून आणलेली चाळण ठेवून मोदक वाफवले, अकरातले चार फुटले. दिवाळीला चकली झालीच नाही, माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा. सामान आलं ६ नोव्हेंबरला, भाऊबीज होऊन तीन दिवस झाले होते. ट्रकवाल्याने खोकी वर आणली, मी पहिलं तेच उघडलं, सोऱ्या कागदात गुंडाळलेला, आत जाळ्या तशाच, एका जाळीला मागच्या दिवाळीचं पीठ चिकटलेलं. मी तिथेच पॅसेजमध्ये बसून रडले. दुसऱ्या दिवशी भाजणी नव्हती म्हणून तांदळाच्या पिठाच्या केल्या. तेव्हा तुम्ही लिस्ट कराल तेव्हा वस्तू वर्षातून किती वेळा लागते हे बघू नका, पुढच्या चार महिन्यांत लागणार आहे का तेवढं बघा, आणि सणवार डोळ्यांसमोर ठेवून बघा. सोऱ्याचं वजन पाऊण किलो होतं, बॅगेत सहज मावला असता.

पाटा-वरवंटा तळेगावला गेला. जाऊबाईंनी मागच्या अंगणात नळाजवळ मांडलाय, रविवारी त्यावर खोबऱ्या-लसणाची चटणी वाटतात आणि फोटो पाठवतात. मी इथे तीच चटणी मिक्सरला फिरवते, चव जवळपास येते, ओलसरपणा येत नाही.

१९ पैकी चार खोकी अजून खाली केलरमध्ये आहेत, इथे बहुतेक फ्लॅटना तळघरात एक कोंदट खोली असते तिथे. त्यातली दोन बाबांच्या डायऱ्यांची. बाबा वाईला शाळेत शिक्षक होते, रोज एक पान, पाऊस किती झाला, मंडईत काय आणलं, कोण येऊन गेलं. १९७८ पासूनच्या आहेत. मैत्रीण म्हणते केलरमध्ये कागदाला ओल लागते, या शनिवारी वर आणतोय.