उत्तरायण संपलं की मुलांचं काम सुरू

‘समाजासाठी काहीतरी कर’ असं मुलांना सांगून काही होत नाही. त्यांना काम लागतं ते हातात धरता येणारं, आजच्या आज संपणारं आणि केल्यावर डोळ्यांना दिसणारं. आपल्या बडोद्यात असं काम दर जानेवारीत आयतं तयार होतं. १४ तारखेचं उत्तरायण, म्हणजे पतंगांची संक्रांत, आणि १५ची वासी (दुसऱ्या दिवसाची) उत्तरायण झाली की १६ला दांडिया बाजार, रावपुरा, वाडी, जिथे बघाल तिथे अगाशीवर (गच्चीवर), झाडांवर, खिडक्यांच्या गजांवर मांजा लोंबत असतो. तो गोळा करणं आठ वर्षांपुढच्या मुलांना छान जमतं. त्याहून लहान असतील त्यांना वजन वाचायला आणि वही धरायला बसवा.

पाच मुलांमागे एक मोठं माणूस हवं, आणि वेळ फार तर पाऊण तास. शाळा बघून सकाळी जा किंवा दुपारी चारला, पण पाचच्या आत आवरा. उजेड उतरला की दोरा दिसत नाही.

सामान थोडंच लागतं: बागकामाचे जाड कापडी हातमोजे (पातळ रबरी मोजे काचेच्या मांज्यानं लगेच फाटतात), पूर्ण बाह्यांचा शर्ट, बूट, बोथट टोकाची कात्री, एक पोतं आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा. प्रत्येक मुलाला साधारण १५ बाय ८ सेंटीमीटरचा जाड पुठ्ठा द्या. सगळ्यात महत्त्वाचा हाच. मूल सवयीनं दोरा बोटांभोवती गुंडाळायला लागतं; दुसरं टोक कुठेतरी फांदीत अडकलेलं असतं, ओढ बसते आणि बोट कापतं. मांजा पुठ्ठ्याच्या ८ सेंटीमीटरच्या बाजूनं आडवा गुंडाळायचा. पुठ्ठा भरला की दोन्ही कडांवर कात्री चालवायची. बोटाएवढे तुकडे पडतात, आणि त्यात कुठल्या पक्ष्याचा पाय अडकत नाही की गाईच्या पोटात गुंता होत नाही. न कापता गुंडाळी तशीच कचऱ्यात टाकली तर केलेलं काम फुकट जातं.

तुकडे जाळू नका. नायलॉन वितळून ठिबकतं आणि धूर घशात जातो. जुन्या वर्तमानपत्रात घट्ट बांधून वर गुजरातीत ‘काचवाळी दोरी’ असं मोठ्या अक्षरांत लिहा आणि कचऱ्याच्या गाडीवाल्या भाईंच्या हातात सांगून द्या. त्यांचे हातही कापतात, हे मुलांना तिथेच कळतं.

विजेच्या तारेवरच्या मांज्याला मात्र कुणीच हात लावायचा नाही, मोठ्यांनीही नाही. काही मांज्यावर धातूची पूड असते, आणि दवानं ओला झालेला साधा दोराही वीज वाहून आणतो. मुलांनी फक्त खांबाचा नंबर लिहून घ्यावा. एमजीव्हीसीएलला (इथल्या वीज कंपनीला) फोन मोठ्यांनी करावा. झाडावर चढणं नाही. जुन्या गल्ल्यांतल्या, म्हणजे ‘पोळ’मधल्या, अगाशांचे कठडे बुटके असतात, म्हणून कठड्यापासून दोन हात लांब. आकडी लावलेला बांबू मोठ्यांच्याच हातात, तोही वर तार नाही हे बघून.

जखमी पक्षी सापडला तर मुलांचा जीव कळवळतो आणि नेमकं तेव्हाच चुकतं. कुणी चोचीत पाणी घालतं, ते श्वासनलिकेत जातं. कुणी पंखात रुतलेला दोरा ओढतं, मग थांबलेलं रक्त पुन्हा वाहू लागतं. रुतलेल्या दोऱ्याची दोन्ही बाजूंना चार-चार बोटं ठेवून बाकीचा कापा, उरलेलं डॉक्टर काढतील. पक्ष्यावर सुती फडकं टाका. डोळे झाकले की तो शांत होतो. पेन्सिलीएवढी आठ-दहा भोकं पाडलेल्या बुटांच्या खोक्यात ठेवा आणि १९६२ या पशु-पक्ष्यांच्या मदत क्रमांकाला फोन करा. घार किंवा घुबड असेल तर मुलांना मागे ठेवा. नख्या खोल लागतात. मुलांचं खरं काम पुढे आहे: खोक्यावर चिठ्ठी चिकटवायची, त्यात पक्षी कुठल्या गल्लीत, कुठल्या झाडाखाली, किती वाजता सापडला ते लिहायचं. बरा झालेला पक्षी त्याच्या ओळखीच्या जागी परत सोडता यावा म्हणून. इतकं जपून लिहिलेलं अक्षर त्यांच्या शाळेच्या वहीतही सापडणार नाही.

एक गोष्ट आग्रहानं सांगते: किलोमागे पैसे लावू नका. हेतू चांगला असतो, पण मग मुलं फिरकीवरचा कोरा दोरा उलगडून आणतात, नाहीतर एकमेकांचा पळवतात. प्रमाणपत्राचंही तेच, ते मिळालं की काम संपलं असं वाटतं. त्यापेक्षा वही ठेवा. गल्ली, ग्रॅम, आणि राहिलेली झाडं. पुढच्या वर्षी तीच वही पुन्हा उघडली की मुलं आपणहून मागच्या आकड्याशी ताडून बघतात. गुंडाळणं, कापणं, लिहिणं ही कामं दर पंधरा मिनिटांनी बदला, म्हणजे मोठी मुलं कात्री अडवून बसत नाहीत. आणि फोटो काम झाल्यावर एकच.

उत्तरायणाच्या आधीही मुलांचा उपयोग होतो. सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी पाच ते सात पक्षी सर्वांत जास्त उडतात. मोठ्यांनी सांगितलेलं शेजारी कानाआड करतात, पण दहा वर्षांच्या मुलीनं दारात येऊन ‘काका, सांजे पांचथी सात पतंग ना चगावता’ (संध्याकाळी पाच ते सात पतंग उडवू नका) म्हटलं की नाही म्हणणं जड जातं. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७मध्ये देशभर बंदी घातली, हेही तिला माहीत असू द्या.

दुसरी फेरी जानेवारीच्या शेवटच्या रविवारी घ्या. तिसरी होळीच्या सुमारास. तेव्हा कडुनिंबाची पानं गळलेली असतात आणि जानेवारीत पानांआड राहून गेलेला मांजा उघड्या फांद्यांवर दिसतो. वहीतली ‘राहिलेली झाडं’ तेव्हा कामाला येतात.