आमची वाटचाल : ट्रकच्या क्रँकपासून जुन्या बसगाड्यांपर्यंत

आमच्या वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, १९७६ साली एसटीच्या डेपोतली मेकॅनिकची नोकरी सोडली आणि कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात एक जुनं क्रँकशाफ्ट ग्राइंडिंग मशीन, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा घासून मापात आणायचं यंत्र, मांडलं. चालू पगार सोडणाऱ्या माणसाला घरचे काय काय बोलले असतील ते सांगायला नको. पण जागा त्यांनी बरोबर हेरली होती. ओतकाम, लेथ, बोरिंग, गिअर कटिंग, सगळं हाकेच्या अंतरावर. त्यात आमचा भाग ऊस आणि गुळाचा. गळीत हंगामात ट्रक एक दिवस उभा राहिलेला परवडत नाही, आणि हंगाम संपला की सगळ्यांना एकदमच इंजिनं उघडायची असतात.

पोट भरलं ते टाटाच्या दोन इंजिनांवर, ६९२ आणि ६९७. पहिला आकडा सिलिंडरचा, पुढचे दोन बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाच्या, मिलिमीटरचे. आमचे जुने मिस्त्री झोपेतून उठवलं तरी यांचे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, लावतील. बोअर, लायनर, पिस्टन, रिंगा, क्रँक ग्राइंड करून अंडरसाइज बेअरिंगा. एवढं झालं की गाडी परत कारखान्याच्या वजनकाट्यावर.

मग गाड्याच बदलल्या. डिझेल सोडायची नवी पद्धत, कॉमन रेल, आली, ती चालवणारा संगणक, ईसीयू, आला. धुराचे नियम कडक झाले, २०१७ ला देशभर बीएस-४, २०२० ला बीएस-६. इंजिनाला हात लावण्याआधी लॅपटॉप लावायची वेळ आली आणि नवी गाडी सरळ कंपनीच्या वर्कशॉपात जाऊ लागली. आमच्या ओळीतल्या बऱ्याच जणांनी ग्राइंडिंगची मशीनं विकली. आम्ही विकलं नाही. त्यात धोरण वगैरे काही नव्हतं, आण्णा हयात होते आणि त्यांच्यासमोर तो विषय काढायची कुणाची टाप नव्हती. खडीच्या क्रशरवरची इंजिनं, जुने जनरेटर, असल्या कामांवर काही वर्षं काढली. मग जुन्या बसगाड्या आल्या.

पहिली आणली शूटिंगला जुन्या गाड्या भाड्यानं देणाऱ्या एका गृहस्थांनी. साठच्या दशकातली टाटा-मर्सिडीज, पुढं लांब नाक, जाळीवर मर्सिडीजची चांदणी. टेल्कोचा, म्हणजे टाटांच्या ट्रक कंपनीचा, मर्सिडीजवाल्या डायम्लर-बेंझशी करार १९५४ चा, तो १९६९ ला संपला आणि चांदणी गेली. तेव्हा चांदणीवाली गाडी दिसली की वयाचा अंदाज तिथंच येतो. हिच्यात अजून मूळचं ३१२ इंजिन होतं. हा नंबर मर्सिडीजचा, वरचा आकड्यांचा हिशेब याला लागू नाही. सहा सिलिंडर, ९० चा बोअर, १२० चा स्ट्रोक, साडेचार लिटरच्या जरा वर. डिझेल थेट पिस्टनवर न पडता हेडमधल्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणातल्या, छोट्या कोठीत, प्रीचेंबरमध्ये पडतं, म्हणून थंड इंजिनाला आधी हीटर प्लग तापवावे लागतात.

इंजिन जाम होतं. मालकांना कुणीतरी सांगून ठेवलेलं, ‘४०७ चं ४९७ इंजिन भंगारात मिळतं, बसवा आणि मोकळे व्हा.’ हा सल्ला आजही दर दुसरा माणूस देतो. ऐकायला स्वस्त वाटतो. पण चार सिलिंडरचं इंजिन सहाच्या जागी ठेवायचं म्हणजे फाउंडेशनचे ब्रॅकेट नवे, बेल हाउसिंगला मधली प्लेट, प्रोपेलर शाफ्टची लांबी आणि कोन बदलला, रेडिएटरचे पाइप बदलले, गिअरचं गणित बिघडलं. आणि एवढं करून नाकाखाली जागाच जागा उरते. इंजिन दहा रुपयांचं आणि ते बसवायला तीस. वर आरटीओचं निराळंच. मी म्हटलं, ‘साहेब, आधी उघडू तर द्या.’

जाम इंजिन स्टार्टर मारून किंवा गाडी ओढून सोडवायचं नसतं, रॉड वाकतो. नोझल काढून आत डिझेल आणि ब्रेक ऑइल सोडलं आणि ठेवून दिलं. रोज सकाळी आमचे मिस्त्री फ्लायव्हीलच्या दात्यांना पहार लावून दोन्ही बाजूंना नुसता हलका दाब द्यायचे आणि कपाळाला आठ्या घालून दुसऱ्या कामाला लागायचे. एके दिवशी दाता सुतभर सरकला. क्रँक थोडा फिरला, पण पूर्ण फेरा घेईना. हेड उतरवलं तेव्हा कारण दिसलं. पाचव्या सिलिंडरजवळ हेडखालचं गॅस्केट, म्हणजे सांधा बंद ठेवणारा पत्रा, फुटून पाणी आत उतरलं होतं आणि बोअरमध्ये गंजाचं कडं तयार झालं होतं. खरं दुखणं मात्र त्याच्याही मागचं. वर्षानुवर्षं बोअरवेलचं पाणी रेडिएटरला घातलेलं. ब्लॉकच्या, म्हणजे सिलिंडर ज्यात असतात त्या ओतीव धडाच्या, पाण्याच्या वाटा क्षारांनी बुजल्या होत्या, मागचे सिलिंडर तापत होते, त्यात गॅस्केट गेलं. नुसतं गॅस्केट बदलून दिलं असतं तर सहा महिन्यांत गाडी पुन्हा दारात.

इंजिन बांधायचं की बदलायचं हे ठरतं ब्लॉकच्या टेस्टिंगवर. पाण्याच्या सगळ्या तोंडांना प्लेटी मारायच्या, आत गरम पाणी भरायचं, हवेचा दाब द्यायचा आणि बाहेरून बोट फिरवत बघायचं. ओल कुठंही नाही. तिथं काम पक्कं झालं.

अडलं ते पिस्टनपाशी. बोअर ९२ करून ६९२ चे पिस्टन टाका, ते अजून मिळतात, असंही सुचवणारे होते. ते मापानं आत जातील, पण त्यांच्या डोक्यावर डायरेक्ट इंजेक्शनची वाटी आहे. प्रीचेंबरच्या हेडखाली कॉम्प्रेशनचा ताळमेळच बसणार नाही. शेवटी धंदा आवरलेल्या एका पार्टवाल्याच्या माळ्यावर ९० चे पिस्टन मिळाले, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. ब्लॉक बोअर करून कोरडे लायनर दाबले आणि माप पुन्हा ९० वर आणलं. क्रँक ०.५० अंडरसाइजला ग्राइंड झाला, तोही आण्णांच्याच मशीनवर. हेड गॅस्केट नमुना देऊन करून घेतलं.

पंपाचं टायमिंग आमच्याकडं अजून जुन्या पद्धतीनं होतं. पहिल्या सिलिंडरचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह काढायचा, तिथं वाकडी नळी लावायची, डिझेल सोडायचं आणि फ्लायव्हील हळूहळू फिरवायचं. धार बारीक होते, थेंबावर येते, थेंब थांबतो. थांबला त्या क्षणी फ्लायव्हीलची खूण काट्यावर असली पाहिजे. हे काम चालू असताना आमच्याकडं चहावाल्यालाही आत येऊ देत नाहीत. मग लाइनमधली हवा काढायची, फिल्टरचा स्क्रू सैल करून हँड प्रायमर मारत राहायचा, बुडबुडे बंद होईपर्यंत. हीटर तापवले, स्टार्टर दाबला. आधी पांढऱ्या धुरानं शेड भरली, मग सहाही सिलिंडर एका लयीत लागले. मालकांचं लक्ष धुराकडं आणि आमचं ऑइल प्रेशरच्या काट्याकडं.

प्रत्येक इंजिन वाचतं असं नाही. गोव्याकडून एक बेडफर्ड आली होती. १९४८ च्या १ जूनला पुणे-नगर मार्गावर एसटीची पहिली बस धावली ती बेडफर्डच, त्यामुळं आण्णांचा या गाडीवर फार जीव. मूळचं साडेतीन लिटरचं पेट्रोल इंजिन कधीच जाऊन तिच्यात पर्किन्सचं पी-६ डिझेल बसलेलं. पेट्रोल काढून डिझेल टाकणं हे आण्णांच्या उमेदीत रोजचं काम होतं. या पी-६ चा रॉड तुटून ब्लॉकच्या बाहेर आला होता. पाण्याच्या जागेला तडा असता तर कोल्ड स्टिचिंग करून, म्हणजे वेल्डिंग न करता धातूचे टाके घालून, शिवता आला असता. इथं व्हॉल्व्ह चालवणाऱ्या कॅमशाफ्टची बैठकच फुटली होती, ती शिवून भरवसा देता येत नाही. आम्ही पर्किन्सच्याच घराण्यातलं, चेन्नईच्या सिम्पसनचं ३५४ इंजिन टाकलं. पुन्हा सहाच सिलिंडर, पण ५.८ लिटरचं. ताकद जास्त म्हणून डिझेलचा स्क्रू मुद्दाम कमी करून सील केला, कारण मागचा गिअरबॉक्स आणि एक्सल तेच जुने. मालक जरा नाराज होते. घाटात गाडी जोरात चढवायला ही बस नाही, एवढं बोलून मी विषय मिटवला.

कागदांचं सगळ्यांना सांगतो. २०२१ साली केंद्रानं विंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम काढले, पन्नास वर्षांवरची मूळ रूपातली गाडी आणि नंबरात ‘व्हीए’. पण ते दुचाकी आणि मोटारींपुरते, मोठी बस त्यात बसत नाही. म्हणजे बसला साधाच रस्ता. इंजिन बदललं तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नवा इंजिन नंबर. नंबर ब्लॉकवर असतो, म्हणून ब्लॉक वाचला की निम्मी डोकेदुखी वाचते. माझा कल बांधण्याकडं असतो त्याचं हेही एक कारण.

दराचं म्हणाल तर फोनवर आकडा सांगत नाही. उघडायची मजुरी वेगळी घेतो, हेड उतरल्यावर मालकाला समोर उभं करून ब्लॉक दाखवतो, मग बोलतो. तिथून इंजिन परत घेऊन जायचं असेल तर खुशाल न्यावं. पार्ट शोधायला वेळ लागतो, तोही आधीच सांगतो. सरकारी गाड्या पंधरा वर्षांनी भंगारात काढायचा नियम २०२३ पासून लागू झाला, तेव्हापासून लिलावात माल भरपूर दिसतो, पण आमच्या कामाचा त्यात थोडाच.

सध्या शेडमध्ये एका शिक्षणसंस्थेची लेलँड उभी आहे. गाडी टोचन करून आणणाऱ्यांना विनंती एकच, वाटेत गिअर टाकून ‘चालू होतंय का बघू’ असं करू नका. आणि रेडिएटरमध्ये काय घातलं होतं ते खरं खरं सांगा.