आईला थंडी वाजते म्हणे

जपानीच्या संध्याकाळच्या वर्गात मी एक साधं वाक्य लिहिलं होतं. 'हाहा वा सामुई देस.' आईला थंडी वाजतेय. (हाहा ही आपली आई. दुसऱ्याची असली की ती ओकासान होते.) सेन्सेईंनी 'सामुई'खाली लाल रेघ ओढली आणि विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

आता हे काय विचारणं झालं! आईला थंडी वाजतेय हे मला नाही तर कुणाला कळणार? पण व्याकरणापुढे लेकीचंही काही चालत नाही. 'सामुई', थंडी वाजतेय, हे ज्याचं त्यानं सांगायचं. दुसऱ्याबद्दल बोलायचं तर शेवटचा 'इ' काढून 'गारु' जोडायचा. सामुगारु. आई कुडकुडतेय, शाल ओढून घेतेय, एवढं मला दिसतंय. आतलं तिचं ती जाणे. "सामुई देस का?" असं विचारायला मात्र मोकळीक आहे, कारण उत्तर तीच देणार असते.

हवं-नकोचंही तेच. कॅमेरा मला हवा असेल तर 'होशी', नवऱ्याला हवा असेल तर 'होशिगात्ते इरु'. विशेषणाचं चक्क क्रियापद होतं, त्यामुळे कॅमेऱ्यामागचा 'गा' हा प्रत्यय जाऊन तिथे 'ओ' येतो. मला तर हे रूप ऐकलं की दुकानाच्या काचेला नाक लावून उभा असलेला नवराच दिसतो. म्हणूनच की काय, सेन्सेईंबद्दल बोलताना 'गारु' वापरायचा नाही. गुरुजी हट्टाला पेटल्यासारखे वाटतात.

आपल्याकडे असलं सोवळं नाही. त्याला राग आलाय, तिला कंटाळा आलाय, बाळाला भूक लागलीय. दुसऱ्याच्या मनात आपण चपला न काढता शिरतो. फार तर एखादं 'असेल' लावतो, नाहीतर 'म्हणे'. या 'म्हणे'वर माझा भारी जीव आहे. "त्याला बरं नाही म्हणे" म्हटलं की बातमीही पोचते आणि आपले हातही झटकून होतात.

'गारु'चा गोतावळा मात्र मजेदार आहे. 'त्सुयोई' म्हणजे बलवान, आणि 'त्सुयोगारु' म्हणजे उसनं अवसान आणणं. 'कावाइगारु' म्हणजे लाड करणं, पण सुमोच्या आखाड्यात 'कावाइगारि' म्हणतात ती नवख्या पैलवानाला सरावात रगडून काढण्याला. सारखी सोबत लागणारा माणूस 'साबिशिगारिया'. यातला शेवटचा 'या' दुकानांच्या नावातही असतो, पावाचं दुकान 'पान्-या', पुस्तकांचं 'होन्-या'. म्हणजे हा माणूस एकटेपणाचं दुकानच उघडून बसलेला.

नुसतं वरवर दिसतं ते सांगायला 'सो' आहे. उरेशिसो, खूश दिसतोय. हा शिकल्यावर मला जोर चढला. एकदा पुण्यातल्या ओकायामा बागेत एका जपानी बाईंच्या कडेवर गोबरं बाळ दिसलं. गोड म्हणजे कावाई, तेव्हा गोड दिसतंय म्हणजे... "कावाईसो!" बाईंचा चेहरा उतरला. कावाईसो म्हणजे 'बिच्चारं!'

त्या लाल रेघेचं वाक्य दुरुस्त करायचं राहिलंच होतं. रात्री नाशिकला फोन लावला. "थंडी आहे का गं?" आई म्हणाली, "छे, कुठली थंडी!" हे शुद्ध त्सुयोगारु. मागून बाबांचा आवाज आला, "तिला काय विचारतेस? सकाळपासून शाल सोडली नाहीये तिनं."

आता आली पंचाईत. आई तर नाही म्हणतेय, शाल मी पाहिलेली नाही, पाहिली ती बाबांनी. वहीत वाक्य वाढत वाढत दुसऱ्या ओळीवर गेलं: आईला थंडी वाजत असावी अशी ती वागतेय, असं बाबा म्हणताहेत. सेन्सेईंनी 'गारु'ला गोल केला आणि खाली लाल शाईत बारीक अक्षरात लिहिलं, "आईंना स्वेटर पाठवा."