निगडीचं अप्पूघर, आईचा कोलंबस आणि माझी मिसळ

शाळेच्या सहलीनंतर मी अप्पूघरात, म्हणजे पुण्याजवळ निगडीला असलेल्या जुन्या राईडच्या पार्कात, पाऊल टाकलं नव्हतं, मधली वीस-बावीस वर्षं बसच्या खिडकीतून 'अरे हे आहे अजून' एवढाच काय तो संबंध. ऑफिसात सगळे म्हणत होते की खोपोलीला इमॅजिकासारखं मोठं पार्क असताना निगडीला कशाला जातोस, पण पोरगी नऊ वर्षांची, आई अडुसष्ट, आणि बायकोला रविवारी संध्याकाळी सातच्या आत घरी यायचं होतं, मग म्हणलं जवळचंच बरं. (अप्पू कोण हे पोरीला माहीत नव्हतं. १९८२ च्या दिल्ली एशियाडचं मॅस्कॉट, हत्तीचं पिल्लू गं, असं आईनेच सांगितलं, आमच्या घरी तेव्हा टीव्ही नव्हता म्हणून शेजारी जाऊन बघायचो वगैरे पुढची कथा पण झाली.)

जायचं कसं ते आधी. आम्ही पुण्यात कोथरूडचे, त्यामुळे वनाजहून मेट्रो, जिल्हा न्यायालयाला बदलून पीसीएमसी, म्हणजे पिंपरीचं स्टेशन. वनाजची गाडी वरून जाते आणि पीसीएमसीची खाली जमिनीच्या पोटातून, त्यामुळे सरकत्या जिन्यांवरून बराच वेळ उतरत राहावं लागतं, गुडघेदुखीवाले सोबत असतील तर सरळ लिफ्ट शोधा. पीसीएमसीला उतरून जुन्या हायवेने निगडीची बस किंवा रिक्षा. शिवाजीनगर-खडकीकडच्या लोकांना लोणावळा लोकल सोयीची, आकुर्डीला उतरायचं आणि तिथून रिक्षा, फक्त टाइमटेबल बघून निघा कारण दुपारी लोकल कमी असतात. आणि निघायच्या आधी फोन करून कुठल्या राईड चालू आहेत ते विचाराच, जुन्या पार्कात एखादी राईड मेंटेनन्सला असणं काही नवीन नाही, आणि पोरांना गेटवर कळलं की भोकाड ठरलेलं.

आता माझी चूक. वाटेत एका ठिकाणी मिसळ खाल्ली. एक्स्ट्रा तर्री, वर ताक. बायको म्हणाली पण होती की अरे राईडमध्ये बसायचंय, त्यावर मी 'मला काय होतंय' असं म्हणालो, हे वाक्य दिवसभर मला परत ऐकवण्यात आलं.

आत गेल्यावर पोरीने सरळ कोलंबसकडे धाव घेतली. कोलंबस म्हणजे ते मोठं जहाज, झोपाळ्यासारखं मागेपुढे झुलणारं. मी खाली उभा राहून नीट बघितलं तर असल्या जहाजांच्या तळाखाली एक फिरणारं टायर असतं, ते दर खेपेला तळाला घासून थोडा थोडा धक्का देतं, आपण झोपाळ्याला देतो तसाच, आणि थांबवायचं काम पण त्याच टायरचं. तो खर्र आवाज येतो ना तो त्याचा, काही तुटत वगैरे नसतं. आता महत्त्वाचं: कुठे बसायचं. मधल्या रांगा म्हणजे निव्वळ झोपाळा, लहान पोरं आणि आज्ज्यांसाठी उत्तम. टोकाची शेवटची रांग मात्र सगळ्यात वर जाते, तिथे क्षणभर थांबल्यासारखं होतं, बूड सीटवरून सुटतं, आणि मग खाली येताना पोट मागेच राहतं. तळाशी उलट, अंग एकदम जड.

मी अर्थातच आईला मधे बसवायला गेलो. तर ती म्हणाली, "मधे काय बसायचं, तिथं काही कळत नाही. चतुःशृंगीच्या जत्रेत पाळणे माणसं हाताने फिरवायची तेव्हा बसलेय मी, याला तर मोटर आहे." आणि पदर खोचून गेली नातीला घेऊन शेवटच्या रांगेत. मग मलाही जावं लागलं, मुलगा मधे बसलाय हे बरं दिसत नाही.

तिसऱ्या झोक्याला मिसळीने आठवण करून दिली. पाचव्याला मी डोळे मिटले, आणि ही दुसरी चूक. मळमळ होते ती मुळात कानाच्या आतलं बॅलन्सचं यंत्र एक सांगतं आणि डोळे दुसरंच सांगतात म्हणून, डोळे मिटले की कान जे सांगतो ते पडताळायला बाहेरचं काही दिसतच नाही. डोळे उघडे ठेवा, लांबचं काहीतरी स्थिर धरा, झाड, टेकडी, काहीही, मोबाईलचा स्क्रीन तर अजिबात नको. हे सगळं मला नंतर बाकावर बसून, तोंडावर पाणी मारून झाल्यावर आठवलं. आईने पिशवीतून आलेपाक काढून दिला, तो मात्र खरंच कामाला आला. गाडी लागणाऱ्यांनी गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून निघायच्या आधीच घ्या, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही, आणि झोप येते ते वेगळंच.

मी बाकावर पडलेलो असताना बाकीच्यांनी आकाशपाळणा केला. त्याबद्दल काय सांगणार, पाळणा तो पाळणा. पहिला मोठा म्हणतात तो १८९३ ला शिकागोच्या प्रदर्शनात फेरिस नावाच्या इंजिनियरने उभा केला, ऐंशी मीटर उंच, एकेका डब्यात साठ-साठ माणसं. ही माहिती मी वर जाऊन आलेल्या तिघींना दिली, कोणी ऐकली नाही.

डॅशिंग कार मात्र सोडू नका, आणि हे पूर्ण वाचा कारण हे कोणी सांगत नाही. कोपऱ्यात चार गाड्या अडकतात आणि अर्धा वेळ लोक नुसतं पायाने पेडल दाबून ओरडत बसतात. जुन्या पद्धतीच्या गाडीला रिव्हर्स गियर नसतो पण तिचं चालतं चाक गोल फिरू शकतं, म्हणून स्टिअरिंग एकाच बाजूला फिरवत राहा, फिरवतच राहा, थांबू नका, गाडी आपोआप मागे निघते. मागे दांडा आणि वर जाळी असेल तर करंट तिथून येतो, ठिणग्या उडताना दिसतात त्या त्याच्या, घाबरायचं कारण नाही पण हात-पाय गाडीच्या आतच. पोरीला हे रिव्हर्सचं कळल्यावर तिने एका मिशीवाल्या काकांना तीनदा ठोकलं. काका उतरल्यावर हसत म्हणाले, "बाळा, पुण्यात लायसन्स मिळेल तुला लगेच."

गोल गोल फिरणाऱ्या राईडमध्ये, म्हणजे जत्रेत ज्याला ब्रेकडान्स म्हणतात तसल्या, जो वजनदार आहे त्याला बाहेरच्या बाजूला बसवा. फिरताना सगळे बाहेरच्या बाजूला ढकलले जातात, आमच्याकडे बायको आत आणि पोरगी बाहेर बसली आणि पोरीची पार चटणी झाली, हसून हसून रडत होती. दुसऱ्या खेपेला जागा बदलली.

किरकोळ गोष्टी: खिशातली किल्ली, सुट्टे पैसे, चष्मा सगळं खाली थांबणाऱ्या माणसाकडे द्या (तो माणूस बहुतेक वेळा मी होतो). चपला नकोत, मागे पट्टा असलेलं काहीतरी घाला, ओढणी आणि मोकळे केस बांधून. सेफ्टी बार आपण स्वतः हलवून बघायचा, ऑपरेटरने बघितला असला तरी, आणि शंका आली तर न लाजता उतरायचं. उंचीची अट असेल तिथे 'दोन इंचांनी काय होतंय' करू नका, तो दांडा मोठ्यांच्या मापाचा असतो, बारकं पोर त्याच्याखालून सरकू शकतं. पाठीचा, मानेचा त्रास किंवा बीपी असणाऱ्यांनी धक्क्याच्या राईड टाळा. आई बीपीची गोळी घेते हे मला संध्याकाळी आठवलं, तिला विचारलं तर म्हणाली, "घेऊनच आलेय ना." यावर बायकोने माझ्याकडे जसं बघितलं ते इथे लिहीत नाही.

क्रम असा ठेवा की पोट रिकामं-हलकं असताना कोलंबस आणि गोल फिरणाऱ्या, मग डॅशिंग कार, मग खाणं, आणि पाळणा शेवटी ऊन उतरल्यावर. आम्ही नेमकं खाणंच आधी केलं.

वेळ उरला तर दुर्गा टेकडी जवळच आहे, पण आमच्यात कोणाच्या पायात जीव नव्हता. निगडीच्याच भक्ती-शक्ती चौकात शिवाजी महाराज आणि तुकोबांच्या भेटीचं शिल्प बघितलं, फोटो काढला. परतीची बस निगडीहूनच सुटणारी पकडा म्हणजे बसायला जागा मिळते. आई आणि पोरगी मागच्या सीटवर गेल्या, खड्ड्यात उडायला मिळतं म्हणून. मी पुढे ड्रायव्हरच्या मागे बसलो, तोंडात आलेपाक, नजर समोर रस्त्यावर.