अण्णांचा दहावा

आज करमाळा तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याकाठी, आमचे थोरले चुलते अण्णा यांचा दहावा झाला. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून, सुकडी आणि मिलो ज्वारीवर घर जगवणाऱ्या या माणसाने पुढे चार एकरांच्या जोरावर दोन बहिणींची लग्ने आणि आम्हा पुतण्यांची शिक्षणे पार पाडली. स्वतःसाठी आषाढी वारीपलीकडे त्यांनी काही मागितल्याचे मला आठवत नाही. (एक कप चहा मात्र त्यांना कधीच पुरला नाही.) पिंडाला तासभर कावळा शिवेना. सोसायटीचे कर्ज, नातीचे लग्न, उसाची लागण, सगळ्यांची हमी देऊन झाली. अखेर थोरल्या मुलाने हात जोडून, गाभण म्हैस विकणार नाही, असे सांगितले, आणि कावळा खाली उतरला.