शेवंतीची यंदाची नोंद: ठिपके, मावा आणि पाचट

गेल्या वर्षी ऐन नवरात्रात माझ्या रेवडी जातीच्या शेवंतीच्या झाडांना बुंध्यापासून अर्ध्या उंचीपर्यंत एकही हिरवं पान नव्हतं. पानं करपून काळी झाली होती, पण गळत नव्हती, तशीच खोडाला लोंबत होती. फुलं आली ती बारीक. म्हणून यंदा औषधाच्या बाटलीऐवजी पानांवर पडणाऱ्या पाण्याच्या बंदोबस्तापासून सुरुवात करायची असं ठरवलं. परसात 24 रोपं आहेत, पिवळी आणि पांढरी रेवडी मिळून. आमचं गाव कऱ्हाडजवळ, त्यामुळे पाऊस भरपूर आणि उसाचं पाचटही भरपूर.

मे अखेर. काश्या, म्हणजे जुन्या झाडाच्या बुंध्यालगत फुटलेली रोपं, लावल्या. दोन रोपांत दीड फूट अंतर ठेवलं. गेल्या वर्षी वीतभरावर दाटी केली होती, त्यामुळे पानं वाळायलाच जागा नव्हती. वाफा जमिनीपासून वीतभर उंच केला आणि शेणखतात ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) मिसळून मातीत घातलं.

जूनअखेर. शेंडे खुडले. मोठा पाऊस लागायच्या आत पाचटाचा चार बोटं जाड थर दिला, बुंध्याभोवती तेवढी मोकळी जागा ठेवली. पानांवरच्या काळ्या ठिपक्यांची बुरशी गेल्या वर्षीच्या पडलेल्या पानांत टिकून राहते. पावसाचा थेंब मातीवर आपटला की शिंतोड्यांबरोबर ती सगळ्यात खालच्या पानावर जाते आणि तिथून एकेक पान वर चढते. पाचटामुळे ते शिंतोडे उडतच नाहीत. शिवाय रोपं हातभर झाल्यावर प्रत्येकाची खालची चार-पाच पानं काढून टाकली. जीवावर आलं, पण केलं.

जुलै. सलग आठ दिवस झड. पाच रोपांवर ठिपके दिसले, सगळे तळाच्या पानांवर. ती पानं कोरडी उघडीप मिळाल्यावरच तोडली. ओल्या झाडात हात घातला की तोच हात रोग पुढच्या झाडावर नेतो, म्हणून एवढा धीर धरला. मग एक टक्का बोर्डो मिश्रण फवारलं: लिटरला 10 ग्रॅम मोरचूद आणि 10 ग्रॅम चुना, दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत विरघळवून मग एकत्र. ते पानांवरच राहील असं बघितलं, कारण मोरचुदातलं तांबं मातीत उतरलं तर ट्रायकोडर्माला मारतं.

पाचटाचा एक तोटा सांगायलाच हवा. त्याखाली शंखी गोगलगायी येऊन बसतात. रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन वेचायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या. पहिल्या आठवड्यात रोज पंधरा-वीस निघायच्या.

ऑगस्ट. एक रोप गेलं. आधी एकाच बाजूची पानं पिवळी पडली, मग भर ओलीतही ते माना टाकू लागलं. खोड उभं चिरलं तर आत तपकिरी रेघ. मर रोग, मातीतून येणारा. यावर इलाज नाही. मुळाभोवतीच्या मातीसकट रोप उपटून जाळलं, ती जागा यंदा रिकामीच ठेवली.

सप्टेंबरचा दुसरा आठवडा. इथे मी फसता फसता वाचलो. मधल्या पानांवर पांढरी भुकटी पडल्यासारखी दिसली. भुरी (पानांवर येणारी पांढरी बुरशी) समजून गंधक काढलंसुद्धा. फवारण्याआधी सहज भिंग लावलं, तर ती भुकटी नव्हतीच. रिकाम्या, पारदर्शक, पाय असलेल्या काती होत्या. वर बघितलं तर कोवळ्या शेंड्याला चकचकीत काळसर तपकिरी मावा दाटीनं चिकटलेला, सगळ्यांची तोंडं खोडात रुतलेली. टाकलेल्या काती खालच्या पानांवर पडत होत्या. खोडावरून मुंग्यांची ये-जा चालू होती, माव्याच्या चिकट गोड पाण्यासाठी. पांढरं काही दिसलं की आधी शेंडा बघा, एवढी माझी कळकळीची विनंती.

शेंडे दोन बोटांत धरून पाण्याच्या धारेनं धुतले. नंतर निंबोळी अर्क: 50 ग्रॅम निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवल्या, फडक्यातून गाळून पाणी एक लिटर केलं, चिमूटभर साबण घातला. फवारणी सूर्य कलल्यावरच, कारण उन्हात निंबोळीचा गुण लवकर जातो. दुसऱ्या खेपेला साबण जास्त पडला आणि तीन रोपांच्या शेंड्यांची पानं कडेनं करपली. आता साबण लिटरला एक ग्रॅम, तोही मोजून. दोन रोपांवर मावा खाणाऱ्या लेडीबर्ड किड्याच्या काळ्या-नारिंगी अळ्या दिसल्या, त्या रोपांना हातच लावला नाही. दहा दिवसांनी तिथला मावा जवळपास संपला होता, फवारलेल्या रोपांपेक्षा लवकर.

ऑक्टोबर. कळ्या रंग दाखवू लागल्या, म्हणजे आता फुलकिडे. रोज सकाळी पांढऱ्या कागदावर एखादी उमलती कळी टिचकी मारून झाडतो. आज चार पडले, पिवळसर, रव्याच्या कणाहून बारीक, पळणारे. निळे चिकट सापळे कळ्यांच्या उंचीवर टांगलेत. उमललेल्या फुलांवर मात्र काहीच मारत नाही, मधमाश्या सकाळपासून तिथे असतात.

आजची मोजदाद: 23 पैकी 16 रोपांची पानं तळापर्यंत हिरवी. त्यातल्या ज्या सात रोपांवर एकही ठिपका आला नाही, त्यांना लाल दोरा बांधलाय. फुलं संपल्यावर काश्या फक्त त्यांच्याच घेणार. तोवर रिकाम्या जागेत झेंडू लावावा की माती उन्हाळ्यात तापेपर्यंत तशीच ठेवावी, याचा विचार चालू आहे. मर आलेल्या जागेत कोणी काही लावलं असेल तर जरूर सांगा.